पनवेलचे डोंगर आणि वैमानिकाचे शिक्षण

पनवेलच्या भोवती उभ्या असलेल्या डोंगरांचा इतिहास मराठी अभ्यासकास मुख्यतः गडकोटांच्या अनुषंगाने परिचित आहे. कर्नाळ्याचा सुळका बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवून होता. प्रबळगड पनवेल-कल्याणच्या टापूवर. परंतु ह्याच डोंगरांना एक दुसरा, अगदी अलीकडचा इतिहास आहे, आणि त्याची नोंद बखरींत नव्हे तर विमान-अपघातांच्या कागदपत्रांत सापडते. ४ ऑगस्ट १९७९ रोजी रात्री पुण्याहून मुंबईस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे हॉकर सिडली ७४८ जातीचे विमान सांताक्रूझकडे उतरत येत असता खराब हवेत पनवेलनजीकच्या डोंगरावर आदळले. विमानात ४५ माणसे होती. त्यांपैकी एकही वाचले नाही.

पुणे-मुंबई हे अंतर विमानाच्या हिशेबाने नगण्य होय. विमान सह्याद्रीची मुख्य धार ओलांडते न ओलांडते तोच त्याला उतरणीस लागावे लागते. घाट संपला म्हणजे डोंगर संपले, असे मात्र कोकणात कधीच होत नाही. मुख्य रांगेपासून सुटून पश्चिमेकडे आलेले माथेरान, प्रबळ, कर्नाळा हे डोंगर पार खाडीच्या प्रदेशापर्यंत पसरले आहेत. माथेरानची उंची सुमारे ८०० मीटर भरते. श्रावणातील ढगांत, रात्रीच्या वेळी, ही उंची वैमानिकाच्या डोळ्यांना दिसत नाही. ती नकाशावर, उपकरणाच्या तबकडीवर आणि स्वतःच्या हिशेबावर विसंबून जाणावी लागते. ७ जुलै १९६२ च्या रात्री मुंबईकडे येणारे आलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान ह्याच सह्याद्रीत, जुन्नरच्या परिसरात, वेळेपूर्वी खाली उतरल्यामुळे डोंगरावर आदळले होते, आणि त्यात ९४ माणसे मेली होती. एअर इंडियाची दोन विमाने, १९५० साली ‘मलबार प्रिन्सेस’ आणि १९६६ साली ‘कांचनजंगा’, आल्प्समधील मों ब्लां पर्वतावर नष्ट झाली. दुसऱ्या अपघातात डॉ. होमी भाभा गेले, म्हणून तो लोकांच्या स्मरणात आहे. पनवेलच्या अपघाताला असे कोणतेही मोठे नाव चिकटलेले नाही. त्यामुळे तो विसरला गेला असावा.

वैमानिकांना जमिनीवर बसवून उड्डाण शिकविणाऱ्या यंत्राचा, म्हणजे सिम्युलेटरचा, इतिहास बहुधा यंत्रविद्येच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी लाकडी पेटी, मग विजेची यंत्रणा, मग संगणक, मग हुबेहूब चित्र, असा तो चढता क्रम असतो. हा क्रम खोटा नाही. पण तो पुरा नाही. यंत्राला काय करता येते ह्यापेक्षा कोणत्या प्रसंगाचा सराव त्यावर करवून घ्यावयाचा हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर दर वेळी कोणत्या ना कोणत्या अपघाताने दिलेले आहे. सिम्युलेटर हे अपघातांच्या चौकशीतून साठत गेलेले स्मरण आहे, आणि त्या स्मरणाच्या मर्यादा ह्याच त्या शिक्षणाच्याही मर्यादा आहेत, असे ह्या इतिहासाकडे पाहता दिसून येते.

आरंभीच्या काळात वैमानिकाचे शिक्षण विमानातच होत असे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक-परवाना मिळाला तेव्हा शिक्षणाची साधने म्हणजे एक हलके दुपंखी विमान, एक शिक्षक व स्वच्छ हवा एवढीच होती. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते जुहूस उतरले, तेही दिवसाच्या उजेडात, जमीन पाहात पाहात. जमीन दिसत आहे तोवर वैमानिकाचे शरीर त्याला फसवीत नाही. ती दिसेनाशी झाली की मात्र विलक्षण प्रकार घडतो. माणसाच्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका वळणे ओळखतात, परंतु वळण अगदी मंद असेल तर त्यांना ते कळतच नाही. आणि एकसारखे वळण काही वेळ चालू राहिले तर त्यांतील द्रव स्थिरावून आपण सरळच जात आहो असे वाटू लागते. अशा स्थितीत विमान खरोखर सरळ केले तर उलट्या बाजूस कलंडल्याचा भास होतो. ढगांत शिरलेला वैमानिक केवळ अंतःप्रेरणेवर उडू लागला तर त्याचा नाश बहुधा ठरलेलाच.

ह्या भासावर उतारा शोधणारा मनुष्य वाद्यांच्या कारखान्यातून आला, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. एडविन लिंक ह्याच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे ऑर्गन व स्वयंचलित पियानो तयार करण्याचा कारखाना होता. आपल्याकडील बाजाच्या पेटीप्रमाणेच त्या वाद्यांतही भाता हवा पुरवितो. लिंकने तेच भाते व झडपा वापरून १९२९ च्या सुमारास एक लहानशी पेटी तयार केली. आत बसणाऱ्याने नियंत्रणदंड हलविला की भात्यांत हवा भरे वा निघून जाई आणि पेटी डुले, कले, वळे. विमानविद्येच्या शाळांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही; काही पेट्या करमणुकीच्या बागांत विकल्या गेल्या. फेब्रुवारी १९३४ मध्ये अमेरिकन सरकारने हवाई टपालाचे काम खाजगी कंपन्यांकडून काढून लष्कराच्या वैमानिकांना दिले. त्यांना केवळ उपकरणांवर उडण्याची सवय नव्हती, हिवाळा कडक होता, आणि काही आठवड्यांत डझनभर वैमानिक मरण पावले. तेव्हा लष्कराने लिंकच्या सहा पेट्या, प्रत्येकी ३,५०० डॉलर देऊन, विकत घेतल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत अशा दहा हजारांहून अधिक पेट्या तयार झाल्या व मित्रराष्ट्रांच्या लक्षावधी वैमानिकांनी त्यांत शिक्षण घेतले. म्हणजे यंत्र आधीपासून होते, त्याचे प्रयोजन मात्र अपघातांनी पटवून दिले. पुढील साऱ्या इतिहासात हाच क्रम पुन्हा पुन्हा आढळतो.

लिंकच्या पेटीत बाहेरचे काही दिसत नसे, आणि तेच तिचे बलस्थान होते. झाकण बंद करून विद्यार्थ्याला तबकड्यांवर विश्वास ठेवावयास व शरीरावर अविश्वास दाखवावयास शिकविणे, एवढाच तिचा हेतू. प्रवासी विमाने मोठी झाली तसा हा हेतू अपुरा पडू लागला. १९४८ साली पॅन अमेरिकन कंपनीने स्ट्रॅटोक्रूझर विमानाच्या चालककक्षाची संपूर्ण प्रतिकृती कर्टिस-राइट कंपनीकडून घेतली. ती हलत नसे, तिच्या काचांतून काही दिसत नसे. पण एंजिन बंद पडणे, आग लागणे, वीजपुरवठा तुटणे असे प्रसंग तीत मुद्दाम घडविता येत. एकट्या वैमानिकाऐवजी सबंध चालकवर्गाला एकत्र शिकविण्याची पद्धत येथून रूढ झाली. पुढे धावपट्टी, शेते, टेकड्या ह्यांचा मोठा मातीकामासारखा नमुना भिंतीवर उभा करून त्यावरून दूरचित्रवाणीचा कॅमेरा फिरविण्याची युक्ती निघाली. वैमानिक नियंत्रणदंड ओढी आणि दुसऱ्या खोलीतील कॅमेरा त्या नमुन्यापासून दूर सरके. ह्या नमुन्यांतील टेकड्या अर्थातच कोठल्याही विशिष्ट गावच्या नव्हत्या.

हालचालीचा प्रश्नही ह्याच काळात सुटला. सहा पायांवर उभारलेला व प्रत्येक पाय स्वतंत्रपणे लांब-आखूड होणारा मंच साठच्या दशकात पुढे आला आणि त्यावर चालककक्ष बसविण्यात आला. खोलीत बंद असलेला मंच धावपट्टीवरील वेग कसा निर्माण करणार, असा प्रश्न कोणासही पडावा. उत्तर मोठे चतुराईचे आहे. कक्षाचे नाक इतक्या सावकाश वर उचलले जाते की कानाला ते वळण कळत नाही. पाठ मात्र खुर्चीवर दाबली जाते, आणि समोरच्या चित्रात धावपट्टी मागे पळत असल्यामुळे तो दाब वेगवाढीचाच आहे असे मन मानते. ज्या यंत्राचा जन्म शरीराच्या भासांवर विश्वास ठेवू नये हे शिकविण्यासाठी झाला, ते यंत्र पुढे त्याच भासांचा उपयोग करून शिकवू लागले. ह्या विरोधाकडे यंत्राचे इतिहासकार फारसे वळत नाहीत.

एअर इंडियाच्या ताफ्यात बोइंग ७०७ विमाने १९६० साली आली. ह्या पिढीच्या जेट विमानांत सराव करणे अतिशय खर्चाचे व तितकेच धोक्याचे होते. २३ जानेवारी १९७१ रोजी एअर इंडियाचे ह्या जातीचे एक विमान सांताक्रूझ येथे चारपैकी तीनच एंजिनांवर उड्डाण करण्याच्या प्रयत्नात कोसळून आगीत नष्ट झाले. अशा घटना इतर देशांतही घडत होत्या. त्यातच १९७३ साली तेलाचे भाव भडकले. सराव जमिनीवर आणावा ह्या जुन्या सूचनेला आता हिशेबनिसांचाही पाठिंबा मिळाला, आणि १९८० साली अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने सिम्युलेटरच्या प्रतवारीची योजना जाहीर केली. तिच्या सर्वोच्च पायरीवर पोहोचलेल्या यंत्रात अनुभवी वैमानिकाचे नव्या जातीच्या विमानाचे शिक्षण सबंधच्या सबंध पुरे होऊ शकते. त्याचे त्या विमानातील पहिले खरे उड्डाण प्रवाशांसह होते. शेजारी प्रशिक्षक असतो इतकेच. प्रवाशांना ह्याची कल्पना नसते. ती असावी की नाही, हा वादाचा विषय आहे.

ही योजना होण्याच्या थोडे आधी मुंबईच्या किनाऱ्यावर जो अपघात झाला तो ह्या विषयाच्या दृष्टीने पनवेलच्या अपघाताइतकाच बोधक आहे. १ जानेवारी १९७८ रोजी रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईकडे निघाले. वांद्र्याच्या किनाऱ्यावरून समुद्रावर जाताना त्याने उजवीकडे वळण घेतले व ते पुन्हा सरळ झाले. मुख्य वैमानिकासमोरील कृत्रिम क्षितिज दाखविणारे उपकरण मात्र बिघडून उजव्या कलावरच राहिले. खाली काळोखा समुद्र, त्यामुळे खरे क्षितिज दिसण्याचा संभव नव्हता. उपकरणावर भरवसा ठेवून वैमानिकाने विमान डावीकडे वळविले. ते आधीच सरळ होते, म्हणून ते डावीकडे कलत गेले आणि उड्डाणापासून दोन मिनिटे पुरी होण्याच्या आत समुद्रात कोसळले. २१३ माणसे दगावली. सहवैमानिकासमोर तसेच दुसरे उपकरण होते, तिसरे राखीव उपकरण मध्यभागी होते. तीन साक्षीदारांपैकी एक खोटे बोलत होता, आणि इतर दोघांची साक्ष वेळेवर घेतली गेली नाही.

लिंकच्या पेटीने चार दशके जो पाठ दिला होता, तो म्हणजे शरीरावर नव्हे तर तबकडीवर विश्वास ठेवा, हा होता. ‘सम्राट अशोक’च्या वैमानिकाने तो पाळला असेच म्हणावे लागते. पाठ चुकीचा नव्हता. तो अपुरा होता. एका उपकरणाने फसविले तर दुसऱ्याशी ताडून पाहावे, आणि हे ताडून पाहणे दोघा वैमानिकांनी मिळून बोलून करावे, असा पुढचा पाठ होता. आज सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षक एका बाजूचे उपकरण गुपचूप बिघडवून ठेवतो आणि दोघांपैकी कोण प्रथम बोलतो ते पाहतो. वांद्र्यासमोरच्या त्या शंभर-एक सेकंदांचा त्या सरावाशी असलेला संबंध शिकणाऱ्यांना सांगितला जातोच असे नाही.

यंत्र उपलब्ध असूनही ते न वापरल्याची किंमत १९९४ साली दिल्लीस दिसली. ८ मार्च रोजी सहारा कंपनीचे बोइंग ७३७ पालम येथे उतरून लगेच पुन्हा चढण्याचा सराव करीत होते. चढताना एक एंजिन निकामी झाल्याचे सोंग करण्यात आले. प्रशिक्षणार्थीने चुकीच्या बाजूचे रडर दाबले आणि प्रशिक्षकाला ते वेळेवर रोखता आले नाही. विमान विमानतळावरच उभ्या असलेल्या एरोफ्लोटच्या विमानावर पडले. विमानातील चौघांसह एकूण ९ जण मृत्यू पावले. सिम्युलेटरमध्ये हीच चूक झाली असती तर चित्र गोठले असते, दिवे लागले असते, आणि प्रशिक्षकाने पुन्हा आरंभापासून सुरुवात करविली असती.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी बंगलोर येथे इंडियन एअरलाइन्सच्या एअरबस ए-३२० विमानाला झालेल्या अपघाताचे स्वरूप निराळे होते. ९२ जण मेले. विमानात यांत्रिक दोष आढळला नाही. स्वयंचलित यंत्रणा एंजिनांची शक्ती किमान ठेवून विमान खाली आणीत आहे, ही गोष्ट वैमानिकांच्या ध्यानात फार उशिरा आली. ही विमाने कंपनीकडे येऊन वर्षही झाले नव्हते. हाताची व पायाची चूक सिम्युलेटर लगेच दाखवितो. यंत्रणा काय करीत आहे ह्याविषयीची समजूतच चुकलेली असेल, तर ती उघडकीस आणणारा प्रसंग कोणाला तरी आधी सुचावा लागतो.

आणि सुचलेला प्रसंगही चुकीचा असू शकतो. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकन एअरलाइन्सचे ए-३०० विमान पुढील विमानाच्या मागे उठणाऱ्या भोवऱ्यात सापडले. सहवैमानिकाने रडर इतके जोराने आलटून पालटून दाबले की उभा पंख तुटून पडला. २६५ माणसे मेली. चौकशी-मंडळाने ह्या वर्तनाला कारणीभूत ठरलेल्या गोष्टींत त्या कंपनीच्या प्रशिक्षणक्रमाचाही समावेश केला. सिम्युलेटरमधील एका सरावात विमान मोठ्या कलापर्यंत दाद देणारच नाही अशी व्यवस्था केलेली होती, आणि त्यामुळे मोठ्या जोराची सवय लागण्याचा संभव होता. १ जून २००९ रोजी अटलांटिकवर एअर फ्रान्सचे विमान पूर्णतः स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचलून धरण्याची शक्ती नाहीशी होऊन, २२८ जणांसह समुद्रात पडले. त्या उंचीवरील अशा स्थितीचा सराव तोवर रूढ नव्हता. प्रत्यक्ष प्रवासी विमान त्या अवस्थेत नेऊन मोजमापे घेण्यास सहसा कोणी धजत नाही, त्यामुळे सिम्युलेटरच्या संगणकालाही तेथील वागणूक पुरेशी ठाऊक नव्हती. बोइंग ७३७ मॅक्सच्या २०१८ व २०१९ मधील दोन अपघातांत ३४६ माणसे गेली. ह्या विमानासाठी सिम्युलेटरच्या वेगळ्या शिक्षणाची आवश्यकता नाही, अशी निर्मात्या कंपनीची भूमिका होती. ती तिने जानेवारी २०२० मध्ये बदलली. त्यापूर्वी ह्या विमानाच्या सिम्युलेटरमधील आज्ञावलीतही दोष असल्याचे तिला मान्य करावे लागले होते.

आता पुन्हा पनवेलकडे. १९७९ साली सिम्युलेटरच्या काचांतून रात्रीच्या धावपट्टीचे दिवे दाखविता येत. एखाद्या विशिष्ट डोंगराची काळोखातील बाजू दाखविण्याचे साधन नव्हते, आणि धडधाकट विमान डोंगरावर नेऊन आदळविणे हा शिकविण्याचा स्वतंत्र विषयही नव्हता. डॉनल्ड बेटमन ह्या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याने तयार केलेले भूसान्निध्याची सूचना देणारे उपकरण १९७४ पासून अमेरिकेतील मोठ्या प्रवासी विमानांस सक्तीचे झाले होते. त्यालाही निमित्त व्हर्जिनियातील एका डोंगरावरचा अपघात हेच होते. परंतु ते उपकरण फक्त खालची जमीन मोजी. समोर एकदम उभा राहणारा कडा त्याला उशिरा कळे, आणि कोकणातील डोंगर असेच एकदम उभे राहतात. पुढे नव्वदच्या दशकात उपग्रहाने सांगितलेले विमानाचे स्थान व जगाच्या उंचसखलपणाची नोंद ह्यांची सांगड घालणारे सुधारलेले उपकरण आले. त्यासाठी बेटमनच्या मंडळींनी सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर तेथील लष्करी नकाशे मिळविले होते. त्याच दशकात अशा अपघातांच्या प्रतिबंधाचा अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय पातळीवर तयार होऊन सिम्युलेटरच्या पाठांत दाखल झाला. इशाऱ्याचा आवाज ऐकू येताच विचार करीत न बसता पूर्ण शक्ती देऊन नाक वर उचलावे, ही कृती आज सहामाही परीक्षांच्या चाकोरीत बसलेली आहे.

पनवेल तालुक्यात नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व २५ डिसेंबर २०२५ पासून तेथे प्रवासी वाहतूक सुरू झाली. पूर्वी जे डोंगर सांताक्रूझच्या वाटेवरील अडथळे होते, ते आता एका विमानतळाचे शेजारी झाले आहेत. त्याच्या उभारणीसाठी उलव्याची टेकडी फोडण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला, आणि अनेक गावांना आपली जागा सोडावी लागली. ह्या विस्थापनाचा इतिहास स्वतंत्र लेखनाचा विषय आहे. कोणताही विमानतळ वापरात येण्यापूर्वी सभोवतीच्या उंचवट्यांची मोजणी करून अडथळ्यांचे नकाशे तयार करावे लागतात, आणि विमानांतील व सिम्युलेटरमधील भूप्रदेशाच्या नोंदी अशाच मोजण्यांवर आधारलेल्या असतात. अशा नोंदींतून उलव्याची टेकडी आता वगळावी लागते. माथेरान, प्रबळ व कर्नाळा जेथे होते तेथेच आहेत.